मेलमॅन ३ कंटेनरमध्ये: वेब दिसतं, पण लिस्टचा मेल पोहोचत नाही

मेलमॅन ३ (मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) डॉकरमध्ये बसवलंय, त्याचे सगळे कंटेनर (प्रोग्राम चालवणारे बंदिस्त डबे) चालू, वेबवर लॉगिन होतंय, लिस्ट बनली, सभासद भरून झाले. पहिला मेल टाकला आणि पुढे काहीच नाही. याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे महिनोन्‌महिने बिनबोभाट चाललेली लिस्ट सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर किंवा नवी इमेज (कंटेनरचा तयार साचा) ओढल्यावर अचानक मुकी होते. हे दोन्ही प्रकार मी इतक्यांदा निस्तरलेत की आता मेलमॅनच्या सेटिंगला हात लावायच्या आधी एकच गोष्ट बघतो: होस्ट (म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात ते मशीन) आणि कंटेनर एकमेकांना कोणत्या पत्त्यावर शोधतायत.

खालचं सगळं नेहमीच्या मांडणीला धरून आहे. होस्टवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर, आणि कंटेनरमध्ये मेलमॅन कोअर, मेलमॅन वेब (म्हणजे लिस्ट सांभाळायचं पोस्टोरियस आणि अर्काइव्ह दाखवणारं हायपरकिटी) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. वेब कोअरशी बोलतं ते ८००१ पोर्टवर. मेल आत येतो पोस्टफिक्सकडून ८०२४ पोर्टवर, एलएमटीपीने (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे मेल सुपूर्द करण्याची पद्धत). बाहेर जातो तो कोअरकडून पोस्टफिक्सच्या २५ पोर्टवर. या तीन वाटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत. वेब छान दिसतंय याचा अर्थ फक्त पहिली वाट मोकळी आहे. बाकी दोन बंद असल्या तरी वेबला त्याचा पत्ताही नसतो, म्हणून वेबच्या पानांवर कारण शोधत बसू नका.

लक्षणं

आधी कुठलं लक्षण आहे ते ठरवा, निम्मं काम तिथेच होतं.

– पाठवणाऱ्याला मेल लगेच परत येतो, आत "युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल" किंवा "रिले अ‍ॅक्सेस डिनाइड" असं लिहिलेलं असतं. पोस्टफिक्सला लिस्टचा पत्ताच ठाऊक नाही.

– परत काही येत नाही, पण पोस्टफिक्सच्या रांगेत मेल साचत जातात आणि लॉगमध्ये ८०२४ पोर्टच्या नावाने "कनेक्शन रिफ्यूज्ड" किंवा "टाइम्ड आउट" दिसतं. पत्ता ठाऊक आहे, तिथे कुणी उत्तर देत नाही.

– अर्काइव्हमध्ये मेल दिसतो, सभासदांना मिळत नाही. आत येण्याची वाट ठीक, बाहेरची बंद.

– सभासदांना मिळतो, अर्काइव्ह मात्र रिकामं. कोअर आणि वेब यांच्यातली चावी जुळत नाही.

– वेबवर "मेलमॅन आरईएसटी एपीआय नॉट अव्हेलेबल" असा निरोप. कोअर पडलंय किंवा वेबला सापडत नाही.

– पुष्टीच्या मेलमधली लिंक "एक्झाम्पल डॉट कॉम"वर जाते. हा बिघाड नव्हेच. जँगोच्या (मेलमॅन वेब ज्यावर बांधलंय त्याच्या) अ‍ॅडमिनमध्ये साइट्सखाली तेच नाव पहिल्यापासून भरलेलं असतं. ते बदला आणि विसरून जा.

१. मेल खरंच अडकलाय, की नुसता थांबवून ठेवलाय?

ही तपासणी फुकट आहे, ब्राउझरमध्येच होते, आणि लोक नेमकी हीच गाळतात. पोस्टोरियसमध्ये त्या लिस्टचे "हेल्ड मेसेजेस" उघडा. सभासद नसलेल्याचा मेल मंजुरीसाठी थांबतो, हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र मेलमॅन ३ मध्ये नव्या लिस्टला मेलच्या आकाराची मर्यादा ४० केबी असते आणि एका मेलवर १० किंवा जास्त पत्ते असले तरी तो थांबवला जातो, हे लक्षात राहत नाही. चाचणीच्या मेलला कुणी एखादा फोटो जोडला की तो गेलाच रांगेत. "साधा मेल जातो, जोडणी असलेला जात नाही" ही तक्रार आली की मी थेट इथेच येतो. लिस्टच्या सेटिंगमध्ये मर्यादा वाढवली की प्रश्न मिटला.

पुढच्या चाचण्यांसाठी सभासद असलेल्या पत्त्यावरून, जोडणीशिवाय, दोन ओळींचा मेल वापरा. दर वेळी विषयात वेगळा आकडा टाका, म्हणजे लॉगमध्ये कोणता मेल कोणता ते कळतं.

२. कंटेनर आणि डिस्क

डॉकर कंपोज पीएस चालवा. "अप" एवढाच शब्द बघून समाधान मानू नका, किती वेळापासून अप आहे ते बघा. बाकीचे तीन दिवसांपासून चालू आणि कोअर मात्र ४० सेकंदांपासून, म्हणजे ते पडतंय आणि पुन्हा उठतंय. मग त्याचा लॉग वाचणं आलंच. बहुधा डेटाबेसचा पासवर्ड तरी जुळत नसतो, नाहीतर डेटाबेस उठायच्या आत कोअर त्याच्याशी बोलू पाहत असतं.

मग डीएफ चालवून डिस्क बघा. डॉकर कंटेनरचे लॉग जेसन फाइलमध्ये लिहितं आणि त्या फाइलला मूळ सेटिंगमध्ये आकाराची काहीच मर्यादा नसते. कोअर किंवा वेब एखाद्या चुकीवर दर सेकंदाला ओरडत असेल तर लॉग डिस्क खाऊन टाकतो. इथे एक मजेशीर परिणाम होतो: पोस्टफिक्स डिस्क पूर्ण भरायच्या आधीच मेल नाकारतं. एका मेलची कमाल मर्यादा जेवढी असेल तिच्या दीडपटीपेक्षा कमी जागा उरली की ४५२ क्रमांकाचा "इनसफिशियंट सिस्टिम स्टोरेज" हा नकार सुरू होतो. मर्यादा आपण मोठी ठेवली असेल, तर डिस्कवर जागा दिसत असूनही मेल येईनासे होतात. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरची मांडणी जिथे लिहिलेली असते तिथे) लॉगला मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल घाला. हे काम करायचंच असतं, तर आजच करून टाका.

३. पोस्टफिक्सचा लॉग

मेलमॅनचा लॉग नंतर, आधी पोस्टफिक्सचा. कारण आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही मेल त्याच्याच हातून जातात. नव्या डेबियनवर नेहमीची मेल डॉट लॉग फाइल दिसली नाही तर घाबरू नका. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (त्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपसूक बसत नाही, तिथे जर्नलसीटीएल वापरायचं.

चाचणीचा मेल टाका आणि त्याच्या ओळी शोधा. रिले कुठे केला आणि स्टेटस काय, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या. "रिले=लोकल" असेल तर पोस्टफिक्सने लिस्टचा पत्ता होस्टवरचा एखादा वापरकर्ता समजून शोधला, आणि तो अर्थातच सापडला नाही. रिलेपुढे कोअरचा पत्ता आणि ८०२४ असेल, स्टेटस "सेंट" असेल, तर पोस्टफिक्सचं येण्याकडचं काम संपलं आणि तुम्ही थेट पाचव्या तपासणीवर जा. स्टेटस "डिफर्ड" असेल तर चौथी तपासणी तुमच्यासाठीच आहे.

रांगेत मेल साचलेले बघून जीव घाबरा होतो आणि माणूस रांगच रिकामी करून टाकतो. तसं करू नका. पोस्टफिक्स अडकलेला मेल ५ दिवस सांभाळतो आणि अधूनमधून पुन्हा प्रयत्न करत राहतो. तेवढ्या मुदतीत दुरुस्ती झाली की सगळे मेल आपोआप जातात. धीर नसेल तर दुरुस्तीनंतर पोस्टक्यू -एफ चालवा.

४. पत्त्याचा घोळ

नव्वद टक्के तक्रारी इथे सुटतात असं आकडा फेकून सांगायचा मोह होतो, पण मोजणी ठेवलेली नाही. मात्र सर्वात जास्त वेळ मी इथेच घालवलाय, हे नक्की.

मेलमॅन कोअर प्रत्येक लिस्टसाठी एक नकाशा लिहितं: अमुक पत्त्यावरचा मेल अमुक ठिकाणी एलएमटीपीने द्या. ही फाइल कोअरच्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरचा डेटा टिकवून ठेवण्याची जागा), व्हार आणि त्यातल्या डेटा फोल्डरमध्ये, पोस्टफिक्स_एलएमटीपी या नावाने पडते. शेजारी पोस्टफिक्स_डोमेन्स असते. व्हॉल्यूम होस्टवर, समजा ऑप्टमध्ये, जोडलेला असतो आणि पोस्टफिक्स ती फाइल थेट तिथून वाचतो. म्हणजे लिहिणारा कंटेनरच्या आत, वाचणारा बाहेर. फाइलमध्ये लिहिलेला पत्ता बाहेरून पोहोचता येईल असा असायला हवा.

होस्टवरून पोस्टफिक्सलाच विचारा: पोस्टमॅप -क्यू, पुढे लिस्टचा पूर्ण पत्ता, पुढे रेजेक्स्प (नमुन्याने पत्ता जुळवणारा फाइलचा प्रकार) आणि कोलन (:) देऊन फाइलचा पूर्ण मार्ग. उत्तरात असं काहीतरी यायला हवं:

एलएमटीपी:[१७२.१९.१९९.२]:८०२४

उत्तर रिकामं आलं तर तीन शक्यता. फाइलच नाही, फाइल आहे पण त्यात लिस्ट नाही, किंवा फाइल वेगळ्या प्रकारची आहे. पहिल्या दोन्हींसाठी कोअरच्या कंटेनरमध्ये मेलमॅन अलायसेस हा आदेश चालवा, फाइल नव्याने लिहिली जाते. तिसरी शक्यता जास्त फसवी आहे. मेलमॅन मुळात हॅश प्रकारची फाइल बनवायला बघतं आणि त्यासाठी पोस्टमॅप चालवू पाहतं. कोअरच्या कंटेनरमध्ये पोस्टफिक्स नसतो, त्यामुळे पोस्टमॅपही नसतो, आणि आदेश फसतो. म्हणून कंटेनरमध्ये मेलमॅनला नकाशा रेजेक्स प्रकारात लिहायला सांगावं लागतं आणि पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफमध्ये ट्रान्सपोर्ट मॅप्स, लोकल रेसिपियंट मॅप्स आणि रिले डोमेन्स या तिन्ही ठिकाणी रेजेक्स्प लिहावं लागतं. तयार इमेजमध्ये पहिलं काम झालेलं असतं. दुसरं आपल्याकडे असतं, आणि जुन्या मेलमॅन २ च्या काळातली मेन डॉट सीएफ तशीच वापरली की तिथे हॅशच राहून जातं. बदल केल्यावर पोस्टफिक्स रीलोड करायला विसरू नका.

आता उत्तर आलं, पण त्यातला पत्ता चुकीचा आहे असं समजू. तो येतो एमएम_होस्टनेम या चलातून, आणि त्यातून भरल्या जाणाऱ्या एलएमटीपी_होस्ट या सेटिंगमधून. या एकाच सेटिंगला दोन कामं आहेत. कोअर कोणत्या पत्त्यावर कान देऊन बसेल तेही इथूनच ठरतं, आणि पोस्टफिक्ससाठी नकाशात काय लिहिलं जाईल तेही इथूनच. एकाच मशीनवर दोन्ही असतील तर "लोकलहोस्ट" लिहून भागतं. कंटेनर आला की आतला लोकलहोस्ट आणि बाहेरचा लोकलहोस्ट वेगळे होतात, आणि तिथून पुढे गोंधळ:

लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ लिहिलंत तर नकाशा दिसायला बरोबर दिसतो, पण कोअर कंटेनरच्या आतल्या आतच ऐकत बसतं. ८०२४ पोर्ट बाहेर काढला असला तरी त्यामागे कुणी नसतं. ०.०.०.० लिहिलंत तर कोअर सगळीकडे ऐकतं, मात्र नकाशातही ०.०.०.० जातं, आणि तो काही पत्ता नव्हे. सेवेचं नाव, म्हणजे मेलमॅन-कोअर, लिहिलंत तर डॉकरच्या आत ते नाव कळतं, होस्टवरच्या पोस्टफिक्सला कळत नाही, आणि लॉगमध्ये "होस्ट नॉट फाउंड" येतं. काहीच लिहिलं नाहीत तर कंटेनर उठताना स्वतःचा त्या वेळचा आयपी उचलतो. तो चालतो, पण कंटेनर पुन्हा बनला आणि डॉकरने वेगळा आयपी दिला की आधी बरोबर असलेली गोष्ट चुकते. "रीस्टार्टनंतर बंद पडलं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

उपाय एकच आणि कंटाळवाणा: कंपोज फाइलमध्ये नेटवर्कचा सबनेट (पत्त्यांचा गट) स्वतः ठरवा आणि कोअरला त्यातला कायमचा पत्ता द्या. डॉकर-मेलमॅनची प्रचलित कंपोज फाइल १७२.१९.१९९.०/२४ हा सबनेट घेते, त्यात .१ होस्टचा, .२ कोअरचा, .३ वेबचा आणि .४ डेटाबेसचा. कुणीतरी "हे काय आकडे लिहिलेत" म्हणून ते साफसफाईत काढून टाकतं, तेव्हा माझा फोन वाजतो. "पूल ओव्हरलॅप्स" अशी चूक आली तर तो सबनेट दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाने आधीच घेतलाय. मोकळा सबनेट निवडा, मात्र मग जुना पत्ता जिथे जिथे लिहिलाय तिथे तिथे बदला. पुढच्या तपासणीत त्यातल्याच दोन जागा येतात.

एक इशारा इथेच देतो. पोर्ट बाहेर काढायचेच असतील तर १२७.०.०.१ ला बांधून काढा. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन जगासाठी उघडतात. ८००१ वरचा एपीआय म्हणजे सगळ्या सभासदांची यादी, ती साध्या पासवर्डच्या भरवशावर बाहेर ठेवू नका.

५. बाहेरची वाट

अर्काइव्हमध्ये मेल आला आणि पुढे गेला नाही, तर कोअरच्या व्हॉल्यूममधल्या क्यू फोल्डरमधलं आउट बघा. तिथे फाइली साचल्या असतील तर कोअर पोस्टफिक्सपर्यंत पोहोचत नाही. कोअरच्या कंटेनरमध्ये शिरा आणि एनसीने होस्टच्या पत्त्यावर २५ पोर्टशी जोडून बघा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर जोडणी आहे.

"रिफ्यूज्ड" आलं तर पोस्टफिक्स फक्त लूपबॅकवर ऐकतोय, म्हणजे इनेट इंटरफेसेस सुधारायचं, किंवा एसएमटीपी_होस्टमध्ये लोकलहोस्ट लिहिलंय, म्हणजे कोअर स्वतःच्याच कंटेनरमध्ये पोस्टफिक्स शोधतंय. नुसतं टांगून राहिलं तर फायरवॉल डॉकरच्या सबनेटला अडवतोय. २२० येतं पण मेल "रिले अ‍ॅक्सेस डिनाइड"ने नाकारला जातो, तर मायनेटवर्क्समध्ये हा सबनेट नाही. तिथे नेमका /२४ एवढाच घाला. "एकदा चालू तर होऊ दे" म्हणून ०.०.०.०/० घालणारे भेटलेत. त्याने लिस्ट चालते, आणि जगभरचा स्पॅमही तुमच्या सर्व्हरवरून चालतो.

इनेट इंटरफेसेसमध्ये डॉकरचा .१ हा पत्ता लिहिला असेल तर आणखी एक खोच आहे. सर्व्हर चालू होताना पोस्टफिक्स डॉकरच्या आधी उठला तर तो पत्ता अस्तित्वातच नसतो, आणि पोस्टफिक्स "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस" म्हणत बसतो. सिस्टिमडीमध्ये पोस्टफिक्सला डॉकरनंतर उठायला सांगा, किंवा सगळ्या इंटरफेसवर ऐकू द्या आणि फायरवॉलने आवरा. मला दुसरं पटतं.

पोस्टफिक्सने मेल घेतला पण बाहेरच्या सर्व्हरशी २५ पोर्टवर जोडणीच होत नसेल, तर बऱ्याच क्लाउड सेवा बाहेर जाणारा २५ मुळातच बंद ठेवतात हे लक्षात घ्या. त्यांना विनंती करा किंवा ५८७ वरून रिले सेवा वापरा. आणि काही ठराविक ठिकाणचेच मेल स्पॅममध्ये जात किंवा नाकारले जात असतील, तर ते डीमार्कचं (पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का ते तपासणाऱ्या नियमाचं) प्रकरण आहे, कंटेनरचं नव्हे. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने स्वतःच्या डोमेनला "रिजेक्ट" धोरण लावलं तेव्हापासून लिस्ट चालवणाऱ्यांना हे पुरून उरलंय. लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशनखाली फ्रॉम पत्ता बदलण्याचा पर्याय आहे, तो लावा.

६. रिकामं अर्काइव्ह

हायपरकिटीची एपीआय चावी कोअर आणि वेब दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवी. एका बाजूला अवतरणचिन्हांसकट गेली, शेवटी एखादी मोकळी जागा आली, तरी संपलं. वेबच्या लॉगमध्ये मेलमॅन_अर्काइव्हर_फ्रॉमचा उल्लेख दिसला तर कोअरचा पत्ता वेबच्या परवानगी यादीत नाही, म्हणजे फिरून चौथ्या तपासणीतलाच घोळ. न पोहोचलेले मेल कोअरच्या अर्काइव्ह फोल्डरमधल्या स्पूलमध्ये साठतात आणि चावी जुळली की पुन्हा पाठवले जातात, हरवत नाहीत.

७. शंट

सगळं जुळलं तरी काही मेल गायब असतील तर क्यूमधलं शंट बघा. प्रक्रिया चालू असताना पायथनची चूक आली की मेलमॅन तो मेल इथे बाजूला ठेवतं. मेलमॅन क्यूफाइलने एखादी फाइल उघडून मेल वाचता येतो, चुकीचं कारण मात्र कोअरच्या लॉगमध्ये त्याच वेळेच्या आसपास सापडतं. कारण दूर केल्यावरच मेलमॅन अनशंट चालवा. आधी चालवलंत तर मेल जातील आणि तसेच परत येऊन पडतील. फार जुने मेल असतील तर अनशंट करण्याआधी विचार करा, मागच्या वर्षीच्या बैठकीचं निमंत्रण आज सगळ्यांना जाईल.

इथे थांबा

पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये डेटा अमुक आवृत्तीने बनवलाय आणि या आवृत्तीशी जुळत नाही असं आलं, तर आपण पुढचे प्रयोग करू नका. इमेजला आवृत्ती न बांधता ठेवलं की ती नकळत पुढच्या मुख्य आवृत्तीवर जाते. जुन्या आवृत्तीची इमेज परत लावली तर बहुधा डेटाबेस उठतो. न उठल्यास किंवा पुढे न्यायचाच असल्यास डेटाबेस जाणणारा माणूस बोलवा. डेटा फोल्डर "रिकामं करून बघू" हा विचार मनात आला की कीबोर्डवरून हात काढा. डॉकर कंपोज डाउनला -व्ही जोडणं हेही तसंच: नाव दिलेले व्हॉल्यूम त्याने पुसले जातात.

रांगेत तुमच्या लिस्टशी संबंध नसलेले हजारो मेल दिसले तर सर्व्हरचा गैरवापर चाललाय. पोस्टफिक्स बंद करा, लॉग जपून ठेवा आणि मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला बोलवा. आयपी काळ्या यादीत गेला असेल तर तोही याच माणसाचा विषय. त्याला देण्यासाठी पोस्टफिक्सचा दिवसभराचा लॉग, कोअरचा लॉग, पोस्टकॉन्फ -एनचं उत्तर आणि पासवर्ड-चाव्या काढून टाकलेली कंपोज फाइल एकत्र ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात तो एवढंच मागतो.

दुरुस्तीनंतर

चाचणीचा मेल आला म्हणून लगेच लॅपटॉप मिटू नका. बाहेरची वाट काही दिवस बिघडलेली असेल तर मेलमॅनने मधल्या काळात परत आलेल्या मेलचे गुण सभासदांच्या नावावर मोजलेले असतात. मूळ सेटिंगमध्ये ५ गुण झाले की त्या सभासदाला मेल जाणंच बंद होतं, आणि बिघाड दुरुस्त झाला म्हणून ते आपोआप सुरू होत नाही. पोस्टोरियसमध्ये सभासदांचं डिलिव्हरी स्टेटस बघा, "बाय बाउन्सेस" म्हणून बंद झालेले पुन्हा चालू करा. नाहीतर आठवड्याने "बाकी सगळ्यांना येतो, मलाच येत नाही" असा मेल तुम्हालाच येईल.